कामापुरतं मनगट

रेवणप्पाचं उजवं मनगट परीक्षेत पास झालं आणि त्यानंच त्याचा घात केला.

परंड्याकडच्या त्याच्या गावात खव्याच्या भट्ट्या बऱ्याच आहेत. गौरीशंकरशेठच्या भट्टीवर मात्र तीस वर्षं शेवटची पाच मिनिटं कढईपुढं रेवणप्पाच उभा राहायचा. दूध आटेपर्यंत कुणीही हलवावं. ते घट्ट व्हायला लागलं की उलथणं तळाला सपाट टेकवून कडेशी मनगटातून झटक्यानं वळवावं लागतं. जरा वेळ लागला की घाणा करपला.

ह्याच मनगटातलं हाड दहा वर्षांपूर्वी दुधाच्या कॅनसकट मोटारसायकलवरून पडताना मोडलं होतं. पठ्ठ्यानं लचक भरली समजून तेल चोळलं, फडकं आवळलं आणि मोडक्या हाडावर दहा वर्षं खवा काढला. हातात चहाचा कप ठरेना, तेव्हा कुठं धाराशिवचा एक खासगी दवाखाना गाठला. डॉक्टरांनी मनगटातलं एक खराब हाड काढलं आणि शेजारची चार छोटी हाडं एकमेकांना कायमची जोडून टाकली. "दुखणं जाईल. हालचाल निम्मी राहील, पण कामापुरती राहील," असं ते आधीच म्हणाले होते. रेवणप्पानं त्यातलं 'कामापुरती' तेवढं ऐकलं. त्याला काम एकच माहीत होतं, त्याला तो काय करणार?

दुखणं गेलं, हे कबूल करायला हवं. सात महिन्यांनी दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या मोनिका मॅडमनी प्रश्नांचा कागद पुढं घेतला. शर्टाची बटणं लावता येतात? येतात. कुलपात किल्ली फिरते? फिरते. ताटातलं सुरीनं कापता येतं?

"ताटात कापायचं काय असतंय, मॅडम?"

मॅडम हसल्या आणि 'त्रास नाही'वर खूण केली. शंभरात नव्वद. एवढे मार्क रेवणप्पाला शाळेत कधी पडले नव्हते. कढईचा प्रश्न त्या कागदावर नव्हताच.

गावी तो कागद बघून शेठ खूश झाला आणि त्यानं रेवणप्पाला लगेच कढईपुढं उभं केलं. दूध घट्ट झालं, उलथणं कडेला आलं आणि मनगट अर्ध्यातच अडलं. त्यानं कोपर लावलं, खांदा लावला, सगळं अंग वळवलं. तोवर खव्याला वास आला होता. दुसऱ्या दिवशीही तेच.

"कागदावर तर हात चांगला हाय म्हणून लिवलंय," शेठ म्हणाला. "मग अंग कशाला चोरायलास?"

तीस वर्षांत त्याला असं कुणी बोललं नव्हतं. शेठनं त्याला कॅन धुवायला बसवलं, आणि रेवणप्पाचा सगळा राग घरी बायकोवर, सिताबाईवर निघाला. तीही ऐकून घेणारी नव्हती.

"दुखत न्हाय, हातानं जेवताव, अंघोळ करताव. अजून काय पायजे तुमाला?"

काय पाहिजे ते बायकोलाही सांगावं लागतं, ह्याचंच त्याला जास्त लागलं. दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी भट्टीवरचं उलथणं पोत्यात गुंडाळून आणि मार्कांचा कागद घेऊन तो एसटीत बसला.

"मॅडम, तुमच्या कागदात ह्याचा सवाल घाला," म्हणत त्यानं ते हातभर लांब उलथणं दवाखान्याच्या टेबलावर ठेवलं.

मॅडमनी टेबल मोकळं केलं. "दाखवा, काका."

त्यानं वळवलं. उलथण्याबरोबर सगळं अंग फिरलं. मॅडमनी उठून त्याचा खांदा आणि कोपर धरून ठेवलं. "आता फक्त मनगट."

उलथणं टेबलावर अर्ध्यातच अडलं. मॅडमनी त्याचा हात सोडला.

"काका, हे आता इतकंच. कितीही व्यायाम केला तरी वाढणार नाही."

रेवणप्पानं उलथणं परत पोत्यात गुंडाळलं. सात महिने तो रोज सकाळी गरम पाण्यात मनगट वळवत होता.

"मग तसं लिवून द्या," तो म्हणाला. "म्या अंग चोरत न्हाय, एवढं तरी कळू द्या त्यास्नी."

मॅडमनी तोच मार्कांचा कागद उलटा केला आणि पेनानं लिहिलं: कढईतला खवा वळवता येत नाही. कायमचं. खाली सही केली, शिक्का मारला.

रेवणप्पानं कागदाची घडी खिशात घातली आणि वर बटण लावलं. उजव्या हातानं ते पहिल्याच झटक्यात लागलं.