उंड्यांखालचं पुस्तक

"ओ पाव्हणं! ओ घोडंवालं! असं कसं तसंच चाललात? भज्जी खाऊन जावा! आंबील तरी पिऊन जावा! ओऽऽ!"

बांधावर उभे राहून आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, ओरडत होते. आवाज असा, की ते आमच्या शेतात शिंकले तर नळदुर्गच्या किल्ल्यातली पारवी उडायची. डोळ्यांना मात्र दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. रस्त्यावर दोन घोडी चाललीत एवढं त्यांना कळलं. घोडी आहेत तर वर माणसं असणार, आणि माणसं आहेत तर ती उपाशी असणार, असा हिशेब करून त्यांनी हाक मारली.

त्यात त्यांची चूक नव्हती. येळवस होती. त्या अमावस्येला आमच्याकडं घरी चूल पेटवून कुणी जेवत नाही. सगळं गाव रानात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडून त्यांना पांडव म्हणायचं, नैवेद्य दाखवायचा आणि पंगत मांडायची. वाटेनं जाणारा ओळखीचा असो, परका असो, सात पिढ्यांचा वैरी असो, त्याला हाक मारून बसवायचं. बिनजेवता कुणी वाटेनं गेला तर वर्षभर घरच्यांच्या घशाखाली घास उतरत नाही म्हणतात. अणदूरच्या आसपास त्या दिवशी एखादा माणूस रस्त्यानं मैलभर चालला तर त्याला पाच ठिकाणी जेवावं लागायचं. माझ्या माहेरचा एक पाहुणा असाच बैलगाडीत घालून घरी आणावा लागला होता.

घोडी वळली. हरभऱ्यातल्या पायवाटेनं आत आली, तशी मला खाकी दिसली. पुढच्या घोड्यावर जमादार, मागच्या तट्टावर शिपाई. तोंडातला घास गिळावा की थुंकावा, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

कारण कोपीच्या तोंडाशी उंड्यांची पाटी होती. ज्वारी-बाजरीचे वाफवलेले उंडे, भज्जीत कुस्करून खायचे. साठेक तरी असतील. आणि त्यांच्या खाली, धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं, सोलापूरचं पुस्तक.

पुस्तक काय होतं? साधी कादंबरी. एका सरदाराची मुलगी किल्ल्यातून पळून जाते आणि अडीचशे पानं पळतच राहते. त्यात निजाम नव्हता, इंग्रज नव्हता, झेंडा नव्हता. पण आम्ही निजामाच्या राज्यात, सोलापूर सरहद्दीपलीकडं; आणि ते दिवस असे होते, की सरहद्दीपलीकडून आलेलं, मराठीत छापलेलं काहीही म्हणजे सरकारविरुद्धचं. आठच दिवसांपूर्वी शेजारच्या गावच्या मास्तरांना असल्याच एका पुस्तकापायी नेलं होतं. त्यांच्या बायकोनं आठ दिवस दाराला कडी लावली नव्हती. ते परतलेही नव्हते. आणि आमच्या घरात पुस्तकं आणायचे ते माझे मालक. दर खेपेला सोलापूरहून येताना मिठाच्या पोत्यात, पेंडीच्या पोत्यात खुपसून. सापडलं तर हातात दोर त्यांच्या पडणार होता.

आणायचे ते, वाचायची मी, आणि ऐकायच्या सासूबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणत असे. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण गोष्टीचा नाद असा, की गांजाही त्यापुढं बरा. सकाळी मामंजी रानात गेले की त्या परात ओढायच्या, मी चुलीच्या उजेडात पुस्तक धरायची. त्या भाकरी थापायच्या, मी वाचायची. गोष्ट रंगली की तव्यावरची भाकरी करपायची. मामंजींना या वाचनाचा पत्ता नव्हता. ते आपले ताटात बघून म्हणायचे, "आज लई काळी झालीया गं." आम्ही दोघी एकमेकींकडं बघायचो. काळ्या भाकरीचा दिवस म्हणजे मुलगी तटावरून उडी मारणार होती तो दिवस.

येळवसेला पुस्तक घरी ठेवावं तर घर मोकळं. झडती आली म्हणजे? आत्याबाईच म्हणाल्या, "पाटीत घाल. रानात कोण येतंय मरायला झडतीला?"

तर आता आले होते. आणि आम्हीच बोलावले होते.

मालक कोपीमागं बैल सोडत होते. त्यांनी घोडी बघितली, पाटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि त्यांचा चेहरा त्या पांडवांसारखा झाला, चुना लावलेल्या दगडाचा. आत्याबाई हळूच म्हणाल्या, "पळू नगंस. वाढ."

जमादार घोंगडीवर बसला. माणूस केवढा म्हणता? तो बसला तर आमची अर्धी पंगत सावलीत गेली. "बुढ्ढे की आवाज तो तोप है," तो हसला. "ये सिपाही मेरा, मरेठी पढ़ता. झडती के वास्ते साथ रखा. कागद मिल्या तो वहींच पढ़ के बोलता." शिपाई आमच्याच बाजूचा, काळा, किडकिडीत. तो भज्जीच्या हंड्याकडं बघत होता.

मी पाटी कोपीत ओढून घेतली आणि वाढायला लागले. भज्जी त्या दिवशी आत्याबाईंच्या हातची, म्हणजे हरभऱ्याची भाजी, चुका, कोवळ्या तुरीचे दाणे, वाल, गाजर, चिंचेच्या पाण्यात कालवलेलं बेसन, वरून लसणाची फोडणी. वास बांधाबांधानं पसरलेला. जमादारानं पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. तिथंच माझा घात झाला.

"और दो."

दोन उंडे वाढले. मग दोन. मग चार. मामंजी समोर बसून आग्रह करत होते, "घ्या सायब, लाजू नगा! सूनबाई, वाढ की! हात का आखडतीस?" त्यांना काय ठाऊक, त्यांच्या प्रत्येक आग्रहानं त्यांचा पोरगा दोन उंडे तुरुंगाच्या जवळ चालला होता. मी आंबील पुढं केली, पोट भरेल म्हणून. त्यानं तांब्याभर आंबील एका दमात पिऊन टाकली आणि भूक आणखी वाढली. मी खीर वाढली. ती त्यानं उंड्याबरोबरच खाल्ली. चाळीस उंडे खाल्ले त्यानं. घरचे म्हणतात पंधरा असतील. घरच्यांनी ती पाटी धरली नव्हती.

वरचा थर गेला. मधला गेला. धोतराच्या फडक्याचं टोक दिसलं. मी उरलेले उंडे त्यावर सरकवले, तर तेवढ्यात मामंजी उठले. "ही पोरगी भितीया वाढाया. द्या इकडं!" आणि त्यांनी पाटीच उचलून जमादारापुढं नेऊन ठेवली.

जमादारानं आपल्या हातानं उंडा घेतला. दुसरा घेतला. तिसऱ्याला बोटं कडक कशावर तरी आपटली.

"ये क्या है रे?"

फडकं सुटलं. पुस्तक बाहेर आलं. वर वाफेचा ओलसर डाग होता, बाजरीचं पीठ होतं. मामंजी वाकून बघत होते, त्यांना काही कळत नव्हतं. मालकांनी एक पाऊल पुढं टाकलं. ते आता म्हणणार होते, माझं आहे. त्यांचं तोंड उघडलेलं मला दिसलं.

"सैपाकाचं बुक हाय," आत्याबाई म्हणाल्या.

जमादारानं पुस्तक उलटंपालटं करून बघितलं.

"पकाने की किताब?"

"व्हय. सुनंला काय येत न्हाय. आईनं वळण न्हाय लावलं. बुकात बघून करती." मग माझ्याकडं वळून, खऱ्याखुऱ्या सासूच्या आवाजात, "लाज वाटती सांगाया!"

इतकं खोटं इतक्या तडफेनं बोललेलं मी पुन्हा कधी ऐकलं नाही, आणि मी स्वतः त्या बाबतीत काही कमी नाही. पण जमादाराची मान हलेना. त्यानं पुस्तक माझ्यापुढं धरलं. "पढ़ो बोलो उसको. इसमें भज्जी है क्या?"

मी पुस्तक घेतलं. मधलंच पान उघडलं. डोळ्यांपुढं लिहिलेलं होतं की ती मुलगी दरीच्या काठाशी उभी आहे, मागं घोड्यांच्या टापा आहेत. माझ्या मागं आमच्या हरभऱ्यात खरी घोडी उभी होती. मग तोंडातून आलं ते असं: "हरभऱ्याची कोवळी भाजी खुडून घ्यावी. धुऊन निथळत ठेवावी. चुका चिरून घ्यावा. तुरीचे दाणे…" डोळे दरीत, तोंड हंड्यात. मी वाचतच गेले. मोहरी घातली, हिंग घातला, लसूण ठेचला. भीतीनं आवाज इतका सरळ आला, की शाळेत मास्तरांपुढंही कधी आला नव्हता.

"पन्ना नहीं पलटती?" जमादार म्हणाला.

मी पान उलटलं. आणि समोर चित्र. दोन पायांवर उभा राहिलेला घोडा, वर स्वार, हातात तलवार.

जमादारानं चित्र बघितलं. फार वेळ बघितलं. "ये तलवारवाला," तो सावकाश म्हणाला, "भज्जी में क्या करता?"

मला मास्तरांच्या दाराची उघडी कडी दिसली. खरंच दिसली, आमच्या कोपीच्या तोंडाशी. आत्याबाईंनी हंड्यात पळी फिरवली. मग त्या म्हणाल्या, "जेवाया आलाय त्यो. लांबनं."

जमादार हसला नाही. पुस्तक माझ्या हातातून घेऊन त्यानं शिपायापुढं टाकलं. "पढ़. क्या लिख्या बोल."

शिपायानं हात खाकी चड्डीला पुसले. पुस्तक मांडीवर घेतलं. एका ओळीवर बोट ठेवलं आणि ते हळूहळू सरकवत नेलं, मग दुसऱ्या ओळीवर, मग तिसऱ्या. आभाळात एक घार फिरत होती, तिनं आमच्या शेताला तीन वेढे घातले तोवर त्याचं बोट चालत होतं. पानाच्या मध्यावर ते थांबलं. त्यानं मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, दयेनं नाही. नुसतं बघितलं. मला कळलं, याला सगळं समजलं.

"भज्जीचंच हाय, सरकार," तो म्हणाला. "चिंच जरा जास्ती सांगितलीया."

जमादार खो-खो हसला. "औरतां को अब किताब में से पकाना!" म्हणत उठला, ढेकर दिली, चार उंडे खिशात घातले आणि घोड्यावर बसला. शिपायानं पुस्तक पाटीत जसंच्या तसं ठेवलं, वर फडकं पांघरलं, आणि मागं न बघता गेला.

घोडी दिसेनाशी झाली. मामंजींनी मिशी चोळली. मग म्हणाले, "पोरी, भज्जीचं बी बुक असतंय व्हय?"

"असतंय, मामंजी."

"मग एवढी आंबट कशी झाली?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक म्हणाले, पुस्तक आत्ताच्या आत्ता चुलीत घाला. परत सोलापूरला नेणं म्हणजे नाक्यावर पुन्हा गळा पुढं करणं. आत्याबाई म्हणाल्या, "घाला की. पर त्या पोरीचं काय झालं त्ये कळू द्या." मग आम्ही दोघींनी तसंच केलं. मी एक पान वाचायचं, फाडायचं, चुलीत घालायचं. त्या जाळावर त्या भाकरी भाजायच्या. कान दाराकडं होते, आणि तरी मी एक ओळ गाळली नाही. मुलगी वाचली. शेवटची भाकरी तिच्या लग्नावर भाजली. ती मात्र मुळीच करपली नाही, कारण जळायला आता काही उरलं नव्हतं.

पण भीती जळाली नाही. तो शिपाई माझ्या मानेवर बसला होता. त्याला ठाऊक होतं. आज गप्प बसला, उद्या बोलेल. दारात कुत्रं भुंकलं की मी हातातलं टाकून उभी राहायची. गल्लीत टापा ऐकू आल्या की आत्याबाई तवा उतरवायच्या. मालकांनी सोलापूरची वाट सोडली. आठ महिने आमच्या घरी कागदाचा कपटा नव्हता, आणि भाकरी रोज पांढरीशुभ्र. मामंजी म्हणायचे, "आता लागली चव हाताला." मला ती गिळत नव्हती.

मग पोलीस अॅक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. खाकी गेली, मास्तर परतले, अर्धे राहून का होईना. दसऱ्याच्या आधीच्या बाजाराला मी आणि आत्याबाई अणदूरला गेलो, तर देवळाकडं जाणाऱ्या वाटेवर एक माणूस दावी आणि कासरे विकत बसला होता. काळा, किडकिडीत. मी आत्याबाईंचा दंड धरला. त्यांनी तो सोडवला आणि सरळ जाऊन त्याच्यापुढं उकिडव्या बसल्या.

"वळखलंस का, बाबा? येळवशीची भज्जी?"

त्यानं मान वर केली. माझ्याकडं बघितलं, तसंच, नुसतं. "वळखलं," तो म्हणाला.

"त्या दिशी तू माझ्या लेकाचा जीव वाचवलास. त्या पानावर काय लिवलंय त्ये समदं वाचलंस, आन् त्या सैतानापुढं गप बसलास. आठ-नऊ महिनं आमी तुझ्या भ्यानं मेलो, पर तू कुणाला सांगितलं न्हाईस. का रं बाबा? आमचं काय नातं, काय गोतं?"

त्यानं हातातल्या दाव्याला पीळ भरला, गाठ मारली, ती ओढून बघितली.

"मला वाचता येत न्हाय," तो म्हणाला.