नरसव्वाने बिडी सोडली

नरसव्वा गेल्या जानेवारीत, गड्ड्याची जत्रा उठली त्याच आठवड्यात, सोलापुरातल्या एका सरकारी रुग्णालयात मरण पावली. वय साठीच्या आसपास. नेमके तिलाही ठाऊक नव्हते. कारण छातीतला संसर्ग. गणपतीत सुरू झालेला खोकला शेवटपर्यंत थांबला नाही. मागे मुलगा श्रीनिवास आणि सून पद्मा आहेत. नरसव्वाने आयुष्यात एकदाही बिडी ओढली नव्हती.

तिची माझी ओळख बिडीवरूनच झाली. शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, मी भाड्याने घेतलेली खोली तिच्या घराला लागून होती. सामान उतरवत होतो तेव्हा समोरच्या ओट्यावर बायका मांडीवर सुपे घेऊन बसल्या होत्या. त्यांच्यातली एक उंच, हडकुळी बाई मान वर न करता म्हणाली, "तुमच्या घरात बिडी हाय का ओ?" मी सांगितले, आमच्याकडे कोणी ओढत नाही. सगळा ओटा हसला. ती हसली नाही. "ओढायची न्हाय ओ," ती म्हणाली, "करायची. तुमच्या मंडळीला बिडी येती का, ते इचारलाले मी."

त्या वस्तीत बिडी म्हणजे काम. 'तिला बिडी आहे' याचा अर्थ तिला कारखान्यातून पान-तंबाखू मिळते आणि ती घरी बसून बिड्या वळते. पूर्वी स्थळ सांगताना मुलीला बिडी येते, हे रंग आणि उंचीच्या आधी सांगत. ओढणाऱ्याला तिथे 'पितो' म्हणतात, आणि तो शब्द पुरुषांसाठी राखलेला आहे.

मी वृत्तपत्रात काम करतो हे कळल्यापासून नरसव्वा मला 'पेपरवाले' म्हणू लागली. माझे नाव तिने कधी विचारले नाही.

सकाळचे स्वयंपाकपाणी आटोपले की ओटा भरे. पाने कापणे, तंबाखू भरणे, वळणे, तोंड दुमडणे, दोरा बांधणे हे सगळे हात आपोआप करत. तोंड मोकळे असे. ते तोंड नरसव्वाचे असे. आदल्या रात्री पाहिलेली तेलुगू मालिका ती दुसऱ्या दिवशी ओट्यावर सांगे, पण जशीच्या तशी नाही. तिच्या कथेत खाष्ट सासू तिसऱ्या दिवशी सुधारे आणि कारस्थानी दीर मोटारीखाली जाई. एकीने हटकले, की टीव्हीवर तर तो दीर अजून जिवंत आहे. नरसव्वा म्हणाली, "त्यांचं त्यांना बघू दे. माझ्या ओट्यावर मेला तो."

गणपतीत वस्तीत तापाची साथ आली. घरटी एक-दोन माणसे आजारी पडली आणि उठली. नरसव्वाचाही ताप गेला, खोकला राहिला. तेलुगूत खोकल्याला दग्गु म्हणतात. तिने त्याला मराठी मान देऊन दग्गुराव केले. "दग्गुराव आले बघा," म्हणून ती सूप बाजूला ठेवी, त्यावर पदर टाकी, भिंतीकडे तोंड करी आणि मग खोके. पदर टाकायचा तो तंबाखू उडू नये म्हणून. उडालेली तंबाखू शेजारणीच्या नाकात गेली तर तिलाही खोकला येतो, एवढे ओट्यावरच्या प्रत्येकीला माहीत होते. ती रोजचीच गोष्ट होती. तिला कोणी आजार म्हणत नव्हते.

कथा आता तुटक झाली. दीर गच्चीवर चढला की नरसव्वाला उबळ येई आणि बायका वाट पाहत थांबत. पलीकडच्या घरातली यल्लव्वा म्हणाली, "हिचा खोकला म्हंजे जाहिरात हाय. बरोब्बर मोक्याला येतीय." नरसव्वाला हसू फुटले आणि हसण्यातून पुन्हा उबळ. त्यानंतर तिने ओट्याला ताकीद दिली, आपल्याला हसवायचे नाही. स्वतः मात्र ती हसवत राहिली, चेहरा कोरा ठेवून.

उपाय सगळ्यांनी सांगितले. आल्याचा रस आणि गूळ झाला. अडुळशाचा काढा झाला. ओवा तव्यावर भाजून फडक्यात बांधून छाती शेकली. औषधाच्या दुकानातून सांगून आणलेली दोन वेगवेगळी सिरपे झाली. आडवे झाले की खोकला वाढे, म्हणून ती घड्या घातलेल्या चादरींच्या चळतीला पाठ लावून बसूनच झोपे. सकाळी विचारले, की सांगे, "दग्गुराव हायेत अजून. जेवूनच जातील म्हणतात."

तिच्या बोलण्यात दोन गोष्टींबाबत थट्टा नसे. एक, तिची बिडी. कारखान्यात बिडी घेताना तपासणारा कमी वजनाची, सैल बिडी छाटून टाकतो, आणि फार छाट निघाली की बाईने तंबाखू चोरली असे सरळ म्हणतो. 'चोरून' हा त्या धंद्यातला सगळ्यात वाईट शब्द आहे. नरसव्वाला तो कधी ऐकावा लागला नव्हता, आणि हे ती स्वतःहून सांगे. दुसरी गोष्ट पद्मा. पद्मा टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला जाई. लग्न ठरवतानाच नरसव्वाने व्याह्यांना सांगितले होते, की या घरात बिडी माझ्याबरोबर संपणार. ओट्यावर कोणी पद्माला गमतीने जरी सूप पुढे केले, तरी तिचा आवाज बदले. "तिला न्हाय. तिचं फुफ्फुस तिचं तिला राहू दे."

दसऱ्याला श्रीनिवासने आईला दवाखान्यात पाठवले. तो स्वतः यंत्रमागावर पाळीला होता; पद्मा बरोबर गेली आणि बाहेर बाकावर बसली. आतला संवाद म्हणून नरसव्वाच्या सांगण्यावर आधारलेला आहे. पुढे तिथल्या नर्सने तो खरा असल्याचे सांगितले.

डॉक्टर तरुण होते, बाहेरच्या जिल्ह्यातून आलेले. बाहेर रांग मोठी होती. त्यांनी छाती तपासली आणि विचारले, "बिडी आहे का?"

"हाय की."

"किती वर्षं?"

"लग्नाच्या आधीपासनं."

"रोज?"

"रोजच. सुट्टी कुटली?"

"मग आधी बिडी सोडा. नाहीतर औषधाचा उपयोग नाही."

नरसव्वाने विचारले, घरात विचारून सांगितले तर चालेल का. डॉक्टर हसले. यात घरात काय विचारायचे, म्हणाले. गोळ्या दिल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

तिला त्यांचे पटले होते. तंबाखूच्या धुळीने खोकला येतो हे पटायला तिला डॉक्टर लागतच नव्हता. पण डॉक्टरच काम सोडा म्हणतो, ही वस्तीत नवी बातमी होती. बायका ऐकायला जमल्या. "चांगला माणूस हाय," नरसव्वा म्हणाली. "कामाचं इचारलं त्यानं. आजवर कुनी इचारलं न्हाय."

अडचण निराळी होती. कारखान्यात नियमित बिडी गेली नाही, तर पान-तंबाखू बंद होते आणि ती जागा दुसरीला देतात. श्रीनिवासचे माग मंदीत आठवड्यातून दोन-तीन दिवस बंद असत, तेव्हा घर बिडीवरच चाले. कोणीतरी बसणे भाग होते. पद्माने शिलाई सोडली आणि सासूचे सूप मांडीवर घेतले. शिकवायला नरसव्वाच होती. ती दाराशी वाऱ्याला बसून, नाकावर पदर धरून सांगे, पान कसे भिजवायचे, कुठे कापायचे. पूर्वीची थट्टा त्या दिवसांत बंद होती. मला ती एकदाच म्हणाली, "मी बरी झाले की उठवते तिला. महिनाभराचा सवाल हाय."

त्या महिन्यात खोकला कमी झाला. भिंत पातळ होती. रात्रीच्या उबळी विरळ झाल्याचे मलाही ऐकू येत होते. दिवाळीत ती आडवी होऊन झोपली, हे पद्माने ओट्यावर सगळ्यांना सांगितले.

दिवाळीनंतर ती औषध घ्यायला पुन्हा गेली. डॉक्टरांनी विचारले, बिडी सोडली का. तिने सोडली म्हणून सांगितले. डॉक्टरांना तिच्या लुगड्याला तंबाखूचा वास आला. येणारच होता. घर एका खोलीचे, आणि त्याच खोलीत पद्मा दिवसभर तंबाखू घेऊन बसलेली.

डॉक्टर म्हणाले, "खोटं कशाला बोलता? चोरून चालू आहे तुमचं."

ती उठली. औषध तिथेच टेबलावर राहिले. घरी आली, पाय धुतले, आणि पद्मासमोर उभी राहून म्हणाली, "ऊठ." पद्माने डॉक्टर काय म्हणाले ते विचारले. नरसव्वाने सूप ओढून घेतले. "सोडली तरी चोर, केली तरी चोर. मग करते की. तू ऊठ पैलं."

संध्याकाळी तिने मला ओट्यावर बोलावले. डॉक्टरने तिला चोर म्हटल्याचे पेपरात छापा, अशी तिची मागणी होती. नीट विचारल्यावर सगळा संवाद तिने शब्दशः सांगितला आणि घोटाळा कुठे झाला ते माझ्या ध्यानात आले. मी सांगितले, की डॉक्टरांना वाटते तुम्ही बिडी ओढता. नंतर तिला आला तो राग मी तोवर पाहिला नव्हता.

"मी? पिते?" ती म्हणाली. "बायकामाणसाला असं तोंडावर म्हणतो? आन् मी त्याला चांगला माणूस म्हणत होते."

दवाखान्यात जाऊन खुलासा करू, असे मी सुचवले. ती तयार होईना. घोटाळा त्याने केला, खुलासा आपण का करायचा, हा तिचा प्रश्न होता. "पेपरात घाला," ती म्हणाली. "नरसव्वा पीत न्हाय म्हणून घाला." अशी बातमी होत नाही हे तिला मान्य नव्हते. "मेलेल्या मान्साचं फोटोसकट छापता. जित्या मान्साचं दोन ओळी न्हाय?"

ती त्या दवाखान्यात डिसेंबरपर्यंत गेली नाही. सिरप मात्र चालू होते. ओट्यावर ती कथा सांगायची थांबली. दम पुरत नव्हता. करोनापासून खोकणाऱ्याजवळ बसायची लोकांना भीती होतीच. एकेका बाईचे सूप थोडे पलीकडे सरकले, आणि शेवटी नरसव्वाच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी राहिली. यल्लव्वा तेवढी हलली नाही. "जाहिरात संपली की सांग," ती म्हणे. नरसव्वा मान डोलावून काम चालू ठेवी.

थुंकीत रक्ताची रेघ दिसली त्या दिवशी पद्माने मला बोलावले. श्रीनिवास पाळीवर होता. आम्ही दोघांनी तिला रिक्षात घातले. डॉक्टर तेच होते. तिला पाहून ते माझ्याकडे वळून म्हणाले, "या ऐकत नाहीत. बिडी सुटत नाही यांची." मी बोलण्याआधी मागे उभी असलेली नर्स बोलली. ती अक्कलकोटकडची होती. "सर, त्या ओढत न्हाईत. करतात. हितं समद्या करतात."

डॉक्टरांनी नरसव्वाच्या बोटांकडे पाहिले. मग म्हणाले, "हे आधी सांगायला नको का?"

नरसव्वाला एका दमात एवढेच बोलता आले, "तुमी इचारलं, बिडी हाय का. मी म्हणलं, हाय. आनि काय सांगू?"

डॉक्टरांनी माफी मागितली नाही. एक्स-रे काढला, थुंकी तपासायला पाठवली. या दोन्ही गोष्टी पहिल्या भेटीत होऊ शकत होत्या. यंत्र त्याच इमारतीत होते. क्षय निघाला नाही. धुळीने फुफ्फुसे आधीच निकामी होत आली आहेत आणि त्यात संसर्ग मुरला आहे, असे सांगण्यात आले. जास्त दिवसांची औषधे दिली. निघताना डॉक्टर म्हणाले, आता तरी बिडी सोडा. दसऱ्याचेच वाक्य होते.

घराशी उतरताना पद्माचा हात धरून म्हणाली, "तू बसायचं न्हाय." तिने औषधे नेमाने घेतली. बिडीही केली, सकाळी थोडी, दुपारी थोडी, बसून झोपायच्या त्याच चादरींना टेकून. पद्मा सूप मागे, ती देत नसे. दोघींमध्ये त्या दिवसांत झालेली सगळी भांडणे एवढ्यावरूनच होती, आणि ती भिंतीपलीकडे स्पष्ट ऐकू येत.

जत्रेच्या दिवसांत तिचा ताप परत आला. रुग्णालयात तिच्या नाकाला नळी होती. मी गेलो तेव्हा तिने मला हाताने जवळ बोलावले आणि विचारले, "आता छापनार का?" तिचा चेहरा कोरा होता. यल्लव्वा पायाशी बसली होती; ती हसली, मग पदर तोंडाला लावून बाहेर गेली.

मी ती खोली उन्हाळ्यात सोडली. मागच्या महिन्यात त्या बाजूला काम होते म्हणून वस्तीत गेलो. नरसव्वाची कारखान्यातली जागा पद्माकडे आली आहे. ती ओट्यावर यल्लव्वाशेजारी बसते. पावसाळ्यापासून तिला खोकला आहे. दवाखान्यातले ते डॉक्टर बदलून गेले आहेत. त्यांच्या जागी दुसरे आले आहेत. पद्मा त्यांना दाखवून आली. त्यांनी तिची छाती तपासली आणि विचारले, बिडी आहे का.

पद्माने नाही म्हणून सांगितले.