हिरवा भोपळा

चौथीत शाळा सुटली ती कायमची. खानदेशातून निघालो आणि आटगावजवळ एका ठेकेदाराच्या कोळशाच्या वखारीवर राखणीला लागलो. लढाईचे दिवस होते, लाकडी कोळशाला मागणी होती. घरचं म्हणावं असं माझ्याजवळ एकच, मोरचंग. लोखंडाची एवढीशी चौकट आणि मध्ये पोलादाची जीभ. दातांना टेकवून बोटानं छेडली की तोंडच घुमायला लागतं. काम जाईल, ताप येईल, मालक ओरडेल, अशी काही ना काही धास्ती मला सदाच असे. ती वाढली की मी वाजवत बसे.

त्या आवाजामागं डोळखांबकडचा एक वारली म्हातारा वखारीत आला. पाड्यावर तारपा वाजवणारा तो एकटाच. लांब मानेचा सुकलेला भोपळा, त्याला मेणानं बसवलेल्या बांबूच्या नळ्या, पुढं ताडपानांचा कर्णा, असा तो तारपा. भात कापून झालं की हा मध्ये उभा राहायचा आणि अख्खा पाडा त्याच्याभोवती फेर धरायचा.

मोरचंग त्यानं तोंडाशी धरला, फुंकला, चावला. आवाज निघेना.

"ह्याला दात लागतात रे पोरा! माजं तर सगलं पडलं."

त्याच्याबरोबर म्हातारी होती. तिनं तो हिसकावून घेतला, दोनदा छेडला, तर तो चक्क बोलला.

"बघ, तुज्याशी नाय बोलला. माज्याशी बोलला."

"तुज्यासारकाच बडबड्या हाये तो," म्हातारा म्हणाला.

त्या दिवसापासून मी त्यांच्या घरी नाचणीची भाकर खाऊ लागलो. मला असली वाद्यं जमवायचा नाद आहे हे कळल्यावर पाड्यावरून कोणी पावरी दिली, कोणी बांबूची शिटी. परक्या मुलखात एवढं मला कोणी दिलं नव्हतं.

त्या पावसाळ्यात म्हाताऱ्याचा तारपा उंदरांनी कुरतडला. नवा करायला छपरावरच्या वेलावर लांब मानेचा एकच भोपळा धरला होता. तो वेलावरच वाळू द्यायचा, आतलं बी खुळखुळू लागलं की काढायचा, आणि त्याच बियांतून पुढच्या सालचा वेल लावायचा, अशी त्यांची रीत. म्हातारा रोज खाली उभा राहून त्याच्याकडं बघे.

दसऱ्याच्या सुमारास ठेकेदारानं जंगलाचा दुसरा तुकडा घेतला, पार लांब. मला चार दिवसांत निघायचं होतं. निरोप घ्यायला पाड्यावर गेलो, तर म्हातारा अंगणात मेण मळत बसलेला आणि चुलीवरच्या धुरात तो भोपळा टांगलेला, कापून, पोखरून.

म्हातारी त्याच्यावर तणतणत होती. "हिरवाच कापला ह्यानं! बी दुदाळ हाये अजून. आता लावशील काय, तुजं डोसकं?"

"गप गो. पोर जातंय. तोवर वालंल काय त्यो?"

मी नको नको म्हणत राहिलो. त्यानं ऐकलं नाही. चौथ्या दिवशी तारपा माझ्या हातात दिला. "तुज्या आयशीला दाकव."

कार्तिक संपायच्या आत तो आक्रसला. मानेशी तडकला, मेण सुटून नळ्या गळाल्या. एकदाही माझ्याकडून वाजला नाही.

पुढल्या वर्षी सुट्टी काढून मी पाड्यावर गेलो. भातकापणी झाली होती. दुसऱ्या पाड्यावरून आणलेलं बी त्यांनी लावलं होतं, पण छपरावर आखूड, पोटाळे भोपळे लोंबत होते. लांब मानेचा एकही नाही. कुठूनसा ढोल आणून पोरं तोच बडवत होती. फेर धरला गेला. मी मध्ये बघितलं, तिथं ढोलवाला. म्हातारा फेरात होता, दोन पोरांच्या कमरेला हात घालून. पाय चुकत होते त्याचे. जन्मभर मध्ये उभा राहिलेला माणूस, त्याला फेरात पाय टाकायची सवयच नव्हती. मला बघून तो बोळक्या तोंडानं हसला आणि फेरात यायला त्यानं जागा केली.