आमची अक्का आणि चाकांवरचा वारा

माझी थोरली बहीण महानंदा बेंगळुरूत एका प्रयोगशाळेत वाऱ्याच्या बोगद्यावर काम करते. आम्ही मूळचे निपाणीचे, तिला घरात सगळे अक्का म्हणतात. आई पहिल्यांदा तिच्या बसवनगुडीच्या घरी आली तेव्हा म्हणाली, "वाऱ्याची कसली गं नोकरी?"

अक्का म्हणाली, "विमान उतरताना इंजिन मंद असतं, तरी खालच्या वस्तीचे कान किटतात. बाहेर काढलेल्या चाकांवर, पंखांच्या कडांवर वारा आपटतो ना, त्याचा तो आवाज. तो नेमका कुठून निघतो ते मी शोधते."

बोगद्यात विमानाचं लहान मॉडेल बसवून त्यावर जोराचा वारा सोडतात. बाजूला मांडलेल्या माइकांवरून आवाजाचा नकाशा तयार होतो. जिथं गोंगाट जास्त, तिथं पडद्यावर लाल डाग.

गेल्या वर्षी तिच्या गटानं चाकांच्या दांड्यांसाठी एक आवरण केलं. पहिल्याच चाचणीत आवाज इतका उतरला की गटप्रमुख रविकिरण सरांनी म्हैसूरपाक मागवला. सोमवारी विमान कंपनीची माणसं निकाल बघायला येणार होती.

अक्काच्या मनाला मात्र ते पटेना. आवरण नसताना एक बारीक शिट्टी ऐकू येत होती, आवरण घातल्यावर ती गेली होती. तिनं मॉडेल उतरवून पाहिलं. दांडीतलं एक भोक बुजवायचं राहून गेलं होतं. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकल्यासारखं ते वाजत होतं. खऱ्या विमानाला तसलं भोक नसतंच.

"सर, आपण आपलीच शिट्टी बंद केलीय. हा आकडा दाखवता येणार नाही."

"सोमवारी माणसं येतायत, महानंदा."

"मग तोवर खरा आकडा काढू."

सरांनी वाकून ते भोक पाहिलं. मग "सरी" म्हणाले, म्हणजे कन्नडमध्ये 'ठीक आहे'.

भोक बुजवल्यावर फायदा निम्माही उरला नाही. सगळ्यांची तोंडं उतरली. सोमवारी अक्कानं पाहुण्यांना तो छोटा आकडा दाखवला, भोकाचंही सांगून टाकलं.

त्यांच्यातल्या श्यामला मॅडम म्हणाल्या, "तुम्ही बोलला नसता तर आम्हाला कळलंही नसतं."

"खऱ्या विमानावर बसवल्यावर कळलंच असतं की," अक्का म्हणाली.

मॅडम हसल्या आणि काम पुढे चालू ठेवायला सांगून गेल्या.

शिट्टी गेल्यावर नकाशाही स्वच्छ झाला होता. आवरणाच्या कडेवरून घसरलेला वारा खालच्या दांडीवर वेगानं आदळताना दिसत होता. अक्कानं सुचवलं, आवरण भरीव नको, जाळीचं करू, थोडा वारा आरपार जाऊ दे. जाळी बसली आणि आवाज चांगलाच उतरला. तिनं मॉडेलचा कानाकोपरा तपासून पुन्हा पुन्हा चाचणी घेतली. आकडा हलला नाही.

आता ती जाळी खऱ्या विमानावर बसवून बघणार आहेत, आणि अहवालावर पहिलं नाव अक्काचं आहे. मीही बेंगळुरूतच, बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात असतो. जेवणाच्या सुट्टीत अख्ख्या कँटीनला मी हे कन्नडमधून सांगितलं, कुणी विचारलं नव्हतं तरी.