खाऱ्या पाण्यातलं निंदण

"दादा, मुक्या जिवाले उपाशी काहून ठेवून राह्यला तू?" शेजारच्या काकांच्या कटंगीहून आलेल्या बहीण, आमच्या आत्या, माशांच्या काचेच्या टाकीसमोर उभ्या राहून विचारत होत्या.

काका खाऱ्या पाण्यात कोपरापर्यंत हात घालून बसले होते. टाकीतल्या जिवंत प्रवाळावर केसांसारखं हिरवं शेवाळ चढलं होतं आणि त्याखाली ते प्रवाळ मरत चाललं होतं. धानाच्या बांधीतलं निंदण, म्हणजे तण, काढावं तसं काका ते चिमटीने मुळापासून उपटत होते. "चाल वं माय, निघ आता," असं त्या शेवाळालाच समजावत.

"उपाशी नाही वं बाई," ते सावकाश म्हणाले. "उष्टं सडते अन् त्याच्यावरच हे शेवाळ पोसते."

पण वैनगंगेच्या घाटावर माशांना कणीक घालून पुण्य मिळवणारं आमचं गाव. आलागेला गुपचूप टाकीत काहीतरी टाकतोच. काका कोणावर रागावत नाहीत, सकाळी पुन्हा पाण्यात हात घालतात. असा धीर मी दुसऱ्या कुणात पाहिला नाही. मी दारातून बघते आणि घरी जाते.

त्या दिवशी शेवटचा झुपका निघाला आणि खालून प्रवाळाचा जांभळा रंग वर आला. मी दारातून टाकीजवळ आले. काका हात पुसायला आत गेले. आत्यांनी पदराआडून कणकेची गोळी काढली.

"आत्या, इथे नको ना," माझ्या तोंडून निघालं. "आपण घाटावर टाकू. मी येते तुमच्यासोबत."