इनागावाचा गोलकीपर

निपाणीचा नागनाथ बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात लागला तो खेळाडूंच्या कोट्यातून, गोलकीपर म्हणून. निवृत्तीनंतर हेब्बाळच्या एका अकादमीत तो पोरांना गोल अडवायला शिकवू लागला. माणूस भारी मानी. चेष्टा त्याला कधी खपली नाही, आणि नेमकी तीच त्याच्या वाट्याला यावी!

इनागावा नावाचा एक जपानी फुटबॉलपटू खेळ सोडल्यावर मोबाइलवर आपले जुने गोल दाखवी, स्वतःलाच हसे, आणि लाखो लोक त्याच्यावर जीव टाकत. त्यातला सगळ्यात गाजलेला गोल बंगळूरचा. तरुणपणी तो इथे एका स्पर्धेत खेळून गेला होता. त्याने हूल दिली, कीपर उजवीकडे झेपावला, चेंडू डावीकडून रमतगमत आत गेला, आणि कीपर उठून बसला तो चेंडू आपल्याच पोटाखाली शोधत. तो कीपर म्हणजे आपला नागनाथ.

जगभर लोक तसे पडून दाखवू लागले. अकादमीतली पोरंही पडू लागली. पालक हसू दाबत नमस्कार करत. दुसरा कोच बघणं चालू आहे, हेही त्याच्या कानावर आलं. नागनाथचं अन्नावरून मन उडालं. त्याच सामन्यात, अगदी शेवटी, इनागावाने डोक्याने मारलेला चेंडू त्याने बोटांच्या टोकांनी गोलच्या आडव्या बारवरून बाहेर घालवला होता. आयुष्यात छाती पुढे काढून सांगावं असं त्याच्यापाशी तेवढंच होतं, आणि त्याचं चित्रण असलंच तर इनागावाकडे. तो रोज मुलीकडून, सोनमकडून, इनागावाच्या व्हिडिओखाली इंग्रजीत लिहून घेई की तेही एकदा दाखवा. खाली लोक हसरे चेहरे टाकत. बायको महानंदा म्हणाली, सोडून द्या आता. तिच्यावर तो वसकन ओरडला आणि मग दिवसभर तोंड लपवत फिरला.

शेवटी उत्तर आलं. इनागावाने त्याला आपल्या मोबाइलवरच्या थेट कार्यक्रमातच बोलावलं.

त्या दुपारी नागनाथने जुने ग्लोव्हज चढवले. सोनमने मोबाइल धरला. पडद्यावर इनागावा कमरेत वाकला, मनापासून बोलला. दुभाषी इंग्रजीत सांगे, सोनम मराठीत. तुमच्यामुळे मी लोकांना पुन्हा आठवलो, असं तो म्हणाला. नागनाथने घाईघाईने त्या अडवलेल्या चेंडूचं विचारलं. इनागावाने आठवून पाहिलं आणि मान हलवली. चित्रण नव्हतं, आठवणही नव्हती. मग त्याने हसून काहीतरी विचारलं, आणि सोनमचं बोट बंद करायच्या बटणाकडे गेलं.

"काय म्हणतोय?"

"काही नाही अप्पा. बंद करते मी."

"सांग."

"एकदा तसं पडून दाखवाल काय, विचारतायत. लोक वाट बघतायत म्हणे."

स्वयंपाकघराच्या दारातून महानंदा नको नको म्हणत राहिली. नाही म्हणावं, तर दाखवण्यासारखं त्याच्याजवळ दुसरं उरलं होतं काय? नागनाथ उजवीकडे झेपावला. खांदा फरशीवर आपटला. तो उठून बसला, पोटाखाली चाचपलं, इकडेतिकडे पाहिलं. पडद्यावर लोकांनी पाठवलेल्या लाल बदामांचा पूर लोटला.

"नीट आलं काय गं?" धापा टाकत त्याने सोनमला विचारलं. "नसेल तर परत पडतो."