शेवटचं सारवण

आज इथे शहरात, बुवापाड्यातल्या नळाला गढूळ पाणी आलं आणि हंडा भरताना ओल्या मातीचा वास आला. गावाकडचं आमचं घर धरणाच्या पाण्यात जायचं होतं, म्हणून गाव सोडलं त्या सकाळीही असाच वास होता. टेम्पोत सामान भरून झालं, तरी आय आत जमीन सारवत बसली होती.

"कुणासाठी सारवतेस गं? माशांसाठी?" बा ओरडला.

"पाणी येणार ना घरात," ती म्हणाली. "पाहुण्याला केरात बसवू?"

मी हसले. मला शहरातल्या नळाची घाई झाली होती. आम्ही निघालो तेव्हा तिच्या बोटांचे अर्धगोल जमिनीवर ओलेच होते.

"ओतून दे तो हंडा, घाण आहे," आज नळावर शेजारीण म्हणाली.

मी आयचा तो पाहुणा गटारात ओतला.